सगळे रेझिस्टर मेटल फिल्म केले, तरी प्री-ॲम्पची ‘सूं’ का जात नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एनई ५५३४ए या ऑप-ॲम्प आयसीवर (सिग्नल मोठा करणारी चिप, तिला प्लस आणि मायनस अशा दोन इनपुट पिना) दहापट गेनचा, म्हणजे सिग्नल दहापट करणारा, इन्व्हर्टिंग प्री-ॲम्प बांधलाय (सिग्नल मायनस पिनकडून आत जातो आणि उलटा होऊन बाहेर येतो). इनपुटला ४७ के (किलोओहम), आउटपुटपासून मायनस पिनपर्यंत फीडबॅकला ४७० के, प्लस पिनपासून ग्राउंडला ४३ के. गाणं थांबलं की स्पीकरमधून ‘सूं’ असा बारीक आवाज येत राहतो. कार्बन फिल्म काढून सगळीकडे मेटल फिल्म लावले, फरक काहीच नाही. आता ‘ऑडिओ ग्रेड’ रेझिस्टर मागवायचे का?

नका मागवू. त्याच व्हॅल्यूचे जगातले सगळ्यात चांगले रेझिस्टर लावले तरी ही सूं तसूभर हलणार नाही. रेझिस्टरच आवाज करताहेत हा तुमचा अंदाज बरोबर आहे. फक्त तो आवाज त्यांच्या जातीमुळे नाही, त्यांच्या व्हॅल्यूमुळे येतोय.

रेझिस्टरच्या आवाजाचे दोन प्रकार आहेत आणि ते डोक्यात वेगवेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो. पहिला उष्णतेचा. रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानाला सतत सैरावैरा हलत असतात, त्यामुळे त्याच्या दोन टोकांमध्ये बारीकसा व्होल्टेज कायम थरथरत असतो. बेल लॅब्जमध्ये जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्या गणितात तीनच गोष्टी येतात: तापमान, ओहम आणि बँडविड्थ (फ्रिक्वेन्सीचा पट्टा किती रुंद). रेझिस्टर कशाचा बनलाय आणि कोणी बनवलाय याला त्यात जागाच नाही. १ के चा कोणताही रेझिस्टर घ्या, तो सुमारे ४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ एवढा आवाज देणारच (एकूण आवाजासाठी याला बँडविड्थच्या वर्गमूळाने गुणायचं). २० किलोहर्ट्झच्या ऑडिओ पट्ट्यात हा आवाज ०.५८ मायक्रोव्होल्ट भरतो. व्हॅल्यू शंभरपट केली की आवाज दहापट होतो, म्हणजे १०० के ला ५.८ मायक्रोव्होल्ट. रेझिस्टर थंड करूनही फारसं हाती लागत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला तरी आवाज जेमतेम निम्मा होतो.

दुसरा प्रकार मात्र जातीवर ठरतो. रेझिस्टरवर डीसी व्होल्टेज उभा असेल तर त्यातून वाहणारा करंट आतल्या कणाकणांच्या सांध्यांतून जाताना अडखळतो आणि उष्णतेच्या आवाजावर आणखी आवाज चढतो. याला एक्सेस नॉइज म्हणतात. खालच्या फ्रिक्वेन्सीला तो जास्त असतो आणि ‘एका व्होल्टमागे किती मायक्रोव्होल्ट, प्रत्येक डेकेडला’ अशा मापात सांगतात (डेकेड म्हणजे फ्रिक्वेन्सी दहापट होण्याइतका टप्पा). कार्बन कॉम्पोझिशन यात सगळ्यात वाईट, कार्बन फिल्म त्याहून बरा, मेटल फिल्म चांगला, वायरवाउंड सगळ्यात शांत.

आता हे तुमच्या बोर्डवर लावून बघू. ४७० के वर डीसी किती? ५५३४ चा बायस करंट (आयसीच्या इनपुट पिनांतून वाहणारा बारीक डीसी करंट) साधारण अर्धा मायक्रोॲम्पियर असतो, म्हणजे फार तर पाव व्होल्ट. तुमचे जुने कार्बन फिल्म व्होल्टमागे १ मायक्रोव्होल्ट इतके वाईट होते असं धरलं, तरी २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या तीन डेकेडमध्ये मिळून अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आतच आवाज झाला. आणि तुमच्या आउटपुटवर एकूण आवाज आहे ७० मायक्रोव्होल्ट. अर्धा काढून टाकलात, तो कानाला कसा कळणार?

हे ७० कुठून आले ते बघणं महत्त्वाचं आहे. पुढचे सगळे नॅनोव्होल्टचे आकडे प्रति रूट हर्ट्झ आहेत. इनपुटचा ४७ के स्वतः २८ नॅनोव्होल्ट देतो, ते दहापट होऊन आउटपुटला २८०. फीडबॅकच्या ४७० के चे ८८. आयसीचा स्वतःचा व्होल्टेज नॉइज ३.५, त्याला अकराने गुणलं (प्लस पिनवरच्या आवाजाला गेन एकाने जास्त मिळतो) की जेमतेम ३९. पण आयसीच्या पिनांतून नॉइज करंटही वाहतो, ०.४ पिकोॲम्पियर, आणि तो ४७० के मधून गेला की १८८ नॅनोव्होल्ट होतात. शेवटी प्लस पिनचा ४३ के. त्याचे २७ नॅनोव्होल्ट अकरापट होऊन २९४, आणि त्याच्यातून जाणाऱ्या नॉइज करंटचे आणखी १८९. म्हणजे इतका शांत आयसी निवडलात आणि सगळ्या आवाजात त्याच्या व्होल्टेज नॉइजचा वाटा सगळ्यात लहान!

हे आकडे सरळ बेरजेत मिळवायचे नाहीत. वेगवेगळे आवाज वर्ग करून मिळवायचे आणि मग वर्गमूळ काढायचं. ३ आणि ४ चे ५ होतात तसं. वरचे सगळे असे मिळवले की सुमारे ४९५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ येतात, आणि २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचेच ७० मायक्रोव्होल्ट होतात. इथे एक गोष्ट हाताशी ठेवण्यासारखी आहे. १० च्या शेजारी १ असेल तर बेरीज १०.०५ येते. म्हणून सर्किटमध्ये सगळ्यात मोठा आवाज कोणाचा हे शोधून त्यालाच धरायचं. बाकीच्यांवर कितीही मेहनत घेतली तरी ऐकू येत नाही.

त्या ४३ के बद्दल मला मनापासून वाटतं म्हणून थोडं जास्त लिहितो. दोन्ही पिनांना सारखा रेझिस्टन्स दिसला की डीसी ऑफसेट (आउटपुटवर उभा राहणारा नको असलेला डीसी) कमी होतो, असं पुस्तकांत शिकवतात आणि आपण तो विचार न करता लावतो. पहिल्या मायक्रोफोन मिक्सरला मीही लावला होता. सूं जाईना म्हणून मी पूर्ण बोर्डचे रेझिस्टर बदलले, दोन ठिकाणी तांब्याचे पॅड उखडले, आणि सूं होती तेवढीच राहिली. शेवटी एका रात्री हेडफोन कानाला लावून, इनपुट शॉर्ट करून, १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर मगरचिमट्यांनी त्या ग्राउंडकडच्या रेझिस्टरवर आडवा लावला. पॉवर दिली आणि सूं लगेच एक पायरी खाली उतरली. चिमटा काढला की वर, लावला की खाली. रेझिस्टर तोच, डीसी तेच, फक्त त्याचा आवाज कपॅसिटरने ग्राउंडला नेला. तुमच्याकडे हे करून बघा, ७० चे ५० मायक्रोव्होल्ट होतील, म्हणजे बरोबर ३ डीबी. एका कपॅसिटरने एवढं मिळतं.

पण खरा उपाय सर्किट उलटवण्याचा आहे. इन्व्हर्टिंग रचनेत सिग्नलच्या वाटेतच ४७ के उभा असतो, कारण इनपुट इम्पिडन्स (सिग्नल देणाऱ्याला समोर दिसणारा अडथळा) तोच ठरवतो. नॉन-इन्व्हर्टिंग करा. प्लस पिनला १० मायक्रोफॅरडमधून सिग्नल आणा, तिथून ग्राउंडला ४७ के. मायनस पिनपासून ग्राउंडला २२० ओहम, फीडबॅकला २.२ के. गेन ११ होतो, इनपुट इम्पिडन्स ४७ के च राहतो. २२० ओहमच्या खाली ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, म्हणजे डीसीला गेन १ राहील आणि ऑफसेट अकरापट होऊन आउटपुटला येणार नाही. ५५३४ला हा २.४ के चा भार जड नाही. तो ६०० ओहमही चालवतो. फक्त एक लक्षात असू द्या. हा आयसी तीन किंवा त्याहून जास्त गेनला स्थिर आहे, त्यामुळे २.२ के वर मोठा कपॅसिटर टाकून वरच्या फ्रिक्वेन्सीचा गेन तीनच्या खाली नेऊ नका. न्यायचाच असेल तर कॉम्पेन्सेशनच्या पिनांमध्ये २२ पिकोफॅरड लावा.

आता मोजा. २२० आणि २.२ के समांतर म्हणजे २०० ओहम, त्याचे १.८ नॅनोव्होल्ट. आयसीचे ३.५. नॉइज करंट २०० ओहममधून गेला तर धरण्याइतकाही उरत नाही. इनपुट शॉर्ट असताना आउटपुटला ६ मायक्रोव्होल्ट, आणि १ के चा सोर्स जोडला तर ९ च्या आत. कुठे ७० आणि कुठे ९! अठरा डीबी आवाज गेला, आणि एकही खास रेझिस्टर लागला नाही.

तुम्ही विचाराल, प्लस पिनवर अजून ४७ के आहेच की, तो का ओरडत नाही? कारण सिग्नल देणारा १ के त्याला समांतर बसतो आणि त्याचा आवाज दाबून टाकतो. म्हणूनच इनपुटचा कपॅसिटर भरपूर मोठा हवा. तिथे ०.१ मायक्रोफॅरड लावला तर ५० हर्ट्झला त्याचा स्वतःचा इम्पिडन्स ३२ के होतो. सोर्स मग ४७ के ला खालच्या पट्ट्यात दाबू शकत नाही, आणि आवाजाबरोबर मेन्सची गुणगुणही आत शिरते. १० मायक्रोफॅरडला तोच इम्पिडन्स ३२० ओहम असतो.

यातूनच एक फसगत होते, ती आधीच सांगतो. बदल करून झाल्यावर इनपुटची वायर काढून, मोकळ्या इनपुटने ऐकू नका. तुमच्या जुन्या सर्किटमध्ये इनपुट मोकळं सोडलं की ४७ के हवेत लटकतो, आवाजाचा गेन एकवर येतो आणि सूं ७० वरून ३० मायक्रोव्होल्टपर्यंत उतरते. नव्या सर्किटमध्ये उलट होतं. ४७ के ला दाबणारं कोणी नसतं, त्यामुळे ५३ मायक्रोव्होल्ट येतात. असं ऐकलंत तर नवं सर्किट जुन्याहून वाईट वाटेल आणि सगळी मेहनत तुम्ही उपटून टाकाल. एक आरसीए प्लग घ्या, मधली पिन आणि बाहेरची कडा रेझिस्टरच्या कापलेल्या तारेने सोल्डर करून जोडा, आणि तो प्लग इनपुटला खोचून मगच ऐका. दुसरा एक प्लग १ के टाकून बनवा. हे दोन प्लग माझ्या टेबलावर कायम असतात.

मग चांगल्या जातीचा रेझिस्टर कुठे लावायचा? जिथे मोठा डीसी उभा असतो आणि पुढे गेन असतो तिथे. व्हॉल्व्हच्या पहिल्या स्टेजचा प्लेट रेझिस्टर घ्या, १०० के वर १५० व्होल्ट. कार्बन कॉम्पोझिशनचा असेल आणि व्होल्टमागे १ मायक्रोव्होल्ट धरला तर तीन डेकेडमध्ये २६० मायक्रोव्होल्ट. चांगल्या मेटल फिल्मला ०.०३ धरला तर ८. इथे फरक बसल्या जागी ऐकू येतो, आणि खर्च करायचा तर इथेच करावा. ट्रान्झिस्टरच्या पहिल्या स्टेजचा कलेक्टर रेझिस्टर, मायक्रोफोनला ४८ व्होल्ट पुरवणारे ६.८ के, याही त्याच जागा. शक्य असेल तर वॅटेज एक पायरी जास्त घ्या. करंट जास्त मोठ्या आकारमानात पसरला की एक्सेस नॉइज कमी होतो. एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारे बारीक पार्ट) वापरत असाल तर अशा जागी नेहमीचा थिक फिल्म नको, थिन फिल्म घ्या. थिक फिल्म म्हणजे काचेत मिसळलेले ऑक्साइडचे कण, म्हणजे सांधेच सांधे. सिग्नलच्या वाटेत सिरॅमिक कपॅसिटर लागलाच तर सी०जी जातीचा. एक्स७आर या नेहमीच्या जातीवर पेन्सिलने टिचकी मारली की स्पीकरमध्ये टक् ऐकू येतं.

आयसी बदलायचा मोह होत असेल तर एवढं बघा की तुमचा सोर्स किती ओहमचा आहे. एडी ७९७ चा व्होल्टेज नॉइज ०.९ नॅनोव्होल्ट, वाचून हरखून जायला होतं. पण त्याचा नॉइज करंट २ पिकोॲम्पियर आहे. रेकॉर्ड प्लेयरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजची कॉइल अर्ध्या हेन्रीच्या आसपास असते. १० किलोहर्ट्झला ती आणि ४७ के चा लोड मिळून २६ के होतात, आणि एडी ७९७ चा करंट तिथे ५० नॅनोव्होल्ट उभे करतो. ५५३४ए फक्त १०. तिथे ‘भारी’ आयसीने सूं वाढते. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजच्या दहा-वीस ओहमला मात्र एडी ७९७ अगदी योग्य.

बदल केल्यावर पुढचा आवाज तुमच्या व्हॉल्यूम पॉटचा असेल, आधी तो ७० च्या खाली दबला होता. १०० के चा पॉट मध्यावर असताना पुढच्या ॲम्पला २५ के दिसतो, त्याचे ३ मायक्रोव्होल्ट. प्री-ॲम्पचे ९ पॉटने अर्धे होऊन साडेचार उरतात, म्हणजे पॉट आता जवळजवळ बरोबरीला आला. १० के चा पॉट लावा, त्याचे १ च्या आत येतील, आणि ५५३४ तो सहज चालवेल.

आणि सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी एक मिनिट घालवा. पॉट पूर्ण खाली करून स्पीकरजवळ कान न्या. सूं तेवढीच असेल तर वरचं सगळं गणित तुमच्या प्री-ॲम्पला लागू असलं तरी आत्ता कानावर येणारा आवाज पॉवर ॲम्पच्या इनपुटचा आहे. तिथले फीडबॅक रेझिस्टर किती के चे आहेत ते मला कळवा.