‘जागा घेतली’ म्हणजे नेमके काय घेतले?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा पहिला मसुदा मिळाला आणि मी तो दोनदा वाचला. ‘प्रभावी माध्यम म्हणून स्मार्टफोनने दूरचित्रवाणीची जागा घेतली आहे’ हे विधान तू पहिल्याच ओळीत इतक्या खात्रीने केले आहेस, की पुढची सगळी पाने त्याची राखण करण्यातच खर्ची पडली आहेत. विधान खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्यातला ‘जागा’ हा शब्द तू तपासलेला नाहीस, आणि तुझ्या प्रबंधाची सगळी गाठ त्याच शब्दात आहे.

आधी तो शब्दशः घे. आमच्या लहानपणी टीव्हीला घरात खरोखरच जागा असे: बैठकीच्या खोलीत, शोकेसमध्ये, लाकडी शटरच्या आड, वर क्रोशाचा रुमाल. घरातल्या खुर्च्यांची तोंडे कोणीही न सांगता त्या दिशेला वळलेली असत. फोनला अशी जागा नाही. तो हातात असतो, उशाखाली असतो, ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला असतो. म्हणजे जागेवरून उठवून स्वतः तिथे बसणे, हे तरी फोनने केलेले नाही. कित्येक घरांत टीव्ही अजूनही भिंतीवर चालूच असतो आणि त्याच्यासमोर बसलेली चार माणसे चार फोन पाहत असतात. या दृश्याला तू कोणत्या रकान्यात टाकणार आहेस? तुझ्या तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नाही.

दुसरी गोष्ट काळाची. तू ज्या दूरचित्रवाणीशी फोनची तुलना करतेस, ती बहुतांशी १९८० च्या दशकातली आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले आणि २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले. त्या सकाळी रस्ते ओस पडत, हे तू लिहिले आहेस आणि ते खरे आहे. आमच्या वाड्यात एकच संच होता आणि चप्पल ठेवायला पायरी उरत नसे. पण ओस रस्त्यांमागे कथेची ओढ जितकी होती, तितकीच बहुतेक ठिकाणी दुसरी वाहिनी नसण्याची सक्तीही होती. सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट पाहणे, हा टीव्ही या यंत्राचा गुण होता की सरकारी मक्तेदारीचा परिणाम होता, हे वेगळे केल्याशिवाय तुलना उभीच राहणार नाही.

ती मक्तेदारी फोनने मोडली नाही. सोसायट्यांमध्ये व्हीसीआरवरून सिनेमे दाखवणाऱ्या केबलवाल्यांनी १९९१ नंतर गच्च्यांवर उपग्रह वाहिन्या पकडणाऱ्या छत्र्या बसवल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे मुंबई केंद्राच्या बरोबर विसाव्या वाढदिवशी, झी टीव्ही सुरू झाला. आणि घराघरांत रिमोटवरून भांडणे लागली. एका घरात दुसरा टीव्ही आला तो त्या भांडणामुळे. घर एकत्र बसून पाहते, ही गोष्ट स्मार्टफोन हातात येण्याच्या बरीच वर्षे आधी सैल झालेली होती. तू तो मधला पंचवीस वर्षांचा काळ दोन वाक्यांत ओलांडला आहेस. मला तो प्रबंधातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

आता तुझ्या बाजूने जे आहे ते मोकळेपणाने मान्य करते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, सुरुवातीला डेटा फुकट मिळाला, आणि त्यानंतर इतर कंपन्यांनाही दर खाली आणावे लागले. स्वस्त डेटा नसता तर स्वस्त फोनला काही अर्थ नव्हता. पैशाचा पुरावा तर तुझ्या मसुद्यात आहे त्याहून अधिक बळकट आहे. आयपीएलचे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे हक्क एकगठ्ठा १६,३४७.५ कोटी रुपयांना गेले होते. जून २०२२ च्या लिलावात पुढच्या पाच वर्षांसाठी भारतीय उपखंडातले टीव्हीचे आणि डिजिटलचे हक्क वेगवेगळे विकले गेले: टीव्हीला २३,५७५ कोटी आणि डिजिटलला २०,५०० कोटी. निवडक सामन्यांचा वेगळा डिजिटल संच त्यात मिळवला, तर पारडे किंचित डिजिटलकडे झुकते. ज्यांच्या खिशातून पैसे जाणार होते, त्यांनी दोन्ही पडद्यांची किंमत जवळजवळ सारखी केली. गंमत अशी, की नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही हक्कधारक कंपन्या एकत्र आल्या आणि भांडण घरातल्या घरातच मिटले. फिक्की ही उद्योगसंघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी यांच्या अहवालानुसार २०२४ या वर्षात डिजिटल माध्यमांचा महसूल भारतात प्रथमच दूरचित्रवाणीच्या पुढे गेला, हेही तू नमूद कर. मात्र ‘डिजिटल’ म्हणजे ‘फोन’ असे परस्पर लिहू नकोस. भिंतीवरचा टीव्ही इंटरनेटला जोडला की त्यावर दिसणारी जाहिरातही डिजिटलच्याच खात्यात जाते. अमेरिकेत तर २०२५ च्या सुरुवातीला यूट्यूबनेच जाहीर केले, की तिथे यूट्यूब पाहण्याच्या वेळेत टीव्हीचा पडदा मोबाईलच्या पुढे गेला आहे. तिथे फोनवर वाढलेला मजकूरच बैठकीच्या खोलीत जाऊन बसला. मग कोणी कोणाची जागा घेतली?

मोजणीबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझे आयुष्य त्यात गेले. १९९० च्या दशकात एका संस्थेसाठी मी घरोघरी छापील डायऱ्या वाटत असे. घरातल्या प्रत्येकाने आपण काय पाहिले ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकोनांत खूण करून नोंदवायचे आणि आठवड्याने मी त्या गोळा करायच्या. बाई असल्यामुळे मला स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश मिळे, आणि तिथे कळे की पूर्ण आठवडा आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच शाईने भरलेला आहे. एका घरी सासूबाईंच्या नावावर रोज तीन तासांच्या खुणा होत्या आणि सासूबाईंना मोतीबिंदूमुळे जवळजवळ दिसत नव्हते. मी सूनबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “दिसत नाही, पण सगळं ऐकतात ना!” मी ही शंका कार्यालयात लिहून दिली, डायरी तशीच हिशेबात धरली गेली. आज इतक्या वर्षांनी मला वाटते, की सूनबाईंचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

पुढे मीटर आले. टीव्हीचा प्रेक्षक मोजणारी सध्याची बार्क ही संस्था वाहिन्यांच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण मीटरने टिपते आणि घरातल्या प्रत्येकाने आपापले बटण दाबावे अशी अपेक्षा ठेवते. निवडक घरांवरून देशाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत अपुरी आहे. पण घर कोणाचे, माणूस कोण, याचा विचार तिच्यात आहे. फोनची नोंद सेकंदासेकंदाची असते, पण ती कंपनीच्या ताब्यात असते आणि फोन कोणाच्या हातात आहे हे तिला खात्रीने सांगता येत नाही. फेसबुकने २०१६ मध्ये स्वतःच कबूल केले होते, की व्हिडिओ पाहण्याची सरासरी वेळ दोन वर्षे फुगवून दाखवली गेली. मार्च २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूबवर ‘शॉर्ट’ म्हणजे छोटा व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी एक ‘व्ह्यू’ मोजला जातो; अंगठ्याने तो तत्क्षणी पुढे ढकलला तरीही.

तू १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याचा आकडा विजयाच्या आवेशात दिला आहेस: हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी. त्याच सामन्याचा त्याच कंपनीने जाहीर केलेला टीव्हीवरचा एकाच वेळचा उच्चांक १३ कोटी होता. तो तू का गाळलास? शिवाय एका आकड्यात यंत्रे मोजलेली आहेत आणि दुसऱ्यात माणसे. एका फोनवर तिघे वाकून पाहत होते, तर ते एकच. दोन्ही आकडे दे, आणि ते एकमेकांतून वजा करता येत नाहीत हेही लिही.

आणखी एक कसोटी तुझ्या मसुद्यात अजिबात नाही, आणि माझ्या दृष्टीने फोनचे पारडे खरे जड होते ते तिथे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा व्हॉट्सॲपवरून त्या परिसरात आधीपासून फिरत होती. कोणत्याही वाहिनीने ती बातमी दिलेली नव्हती, आणि दिली असती तर तिचा परवाना, पत्ता, संपादक यांच्यापर्यंत पोहोचता आले असते. इथे संदेश पाठवणारा ओळखीचा होता, लिहिणारा कोणीच नव्हता, आणि म्हणूनच लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. टीव्ही घराला बसवून ठेवत असे. फोनने माणसांना उठवून रस्त्यावर आणले. ‘प्रभावी माध्यम’ या शब्दाचा अर्थ लावताना तू पाहण्याचे तास मोजलेस, पण पाहिल्यावर माणूस काय करतो हे विचारले नाहीस. एक स्वतंत्र प्रकरण यावर हवे.

माझे मत विचारशील तर सांगते. पैशाच्या मापाने डिजिटल माध्यम पुढे गेले आहे, हे तू निःशंक लिही. परंतु १९८२ ते १९९१ या काळात दूरदर्शन जिथे होते, तिथे आज कोणीही नाही. ती जागा केबलने मोडायला सुरुवात केली आणि फोनने तिचे उरलेसुरले दगड नेले. अधूनमधून ती क्षणभर परत उभी राहते: मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले तेव्हा राहिली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरत असताना इस्रोच्या यूट्यूब प्रक्षेपणावर ८० लाखांहून अधिक जोडण्या एकाच वेळी होत्या, तेव्हाही राहिली. दुसरे उदाहरण माझ्या मताच्या थोडे विरुद्ध जाते, हे मला ठाऊक आहे. तरी ते दडवू नकोस.

पुढच्या मसुद्यापूर्वी एक काम कर. चार घरे निवड. त्यांतले एक तरी डीडी फ्री डिश असलेले, जिथे टीव्हीला महिन्याचा खर्च नाही पण फोनच्या रिचार्जची तारीख सगळ्यांना पाठ आहे, असे असू दे. प्रत्येक घरात संध्याकाळी सात ते साडेदहा बस. दर दहा मिनिटांनी लिही: कोणते पडदे चालू आहेत, त्यांच्याकडे कोण पाहत आहे, कोण नुसते ऐकत आहे, रिमोट कोणाकडे आहे आणि फोनचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे. स्वतःचा फोन पिशवीत ठेव. वहीची पाने फाडून स्वच्छ प्रत करू नकोस. खाडाखोडीसकट मूळ वहीच मला दिवाळीपूर्वी आणून दाखव.

कळावे.