बावन्न पुऱ्यांचे शहर

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरात पाहुण्यांकडे गेलो की पदमपुरा, करणपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा अशी नावे कानावर पडतात. मराठवाड्यात ही राजपूत नावे कशी आली? ‘बावन्न पुरे, बावन्न दरवाजे’ ही गणती खरी मानावी काय?
– एक वाचक, जालना

उत्तर : आपण दिलेली चारही नावे मोगल सरदारांच्या छावण्यांची आहेत. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी शहर वसवले आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. पुढे त्याचा मुलगा फत्तेखान याने शहराला फत्तेनगर म्हटले आणि १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने त्याला स्वतःचे नाव दिले. या सुभेदारीबरोबर उत्तरेतील राजे दक्षिणेत येत राहिले. मोगलांचे सैन्य एकाच छत्राखाली उतरत नसे. प्रत्येक मनसबदार आपली माणसे, घोडी, वाणी-उदमी, भाट आणि कुलदैवत घेऊन वेगळा तळ देई. चार-दोन हंगामांत उरकेल असे वाटलेले काम पिढीभर लांबले, तेव्हा राहुट्यांच्या जागी दगड-मातीची घरे उभी राहिली आणि तळाचा पुरा, म्हणजे कायमची वस्ती, झाला.

जयसिंगपुरा आंबेरच्या मिर्झा राजे जयसिंगांचा. पुरंदरच्या तहामुळे हे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंह हाडांचा, तर पहाडसिंगपुरा ओर्छाच्या बुंदेला राजाचा असून डोंगराच्या पायथ्याचा सोनेरी महाल तिकडेच आहे. बिकानेरचा राजा करणसिंह याची गोष्ट मात्र अधिक चटका लावणारी आहे. तो आपल्या राज्यात परतलाच नाही. १६६९ मध्ये त्याला याच शहरात मरण आले. करणपुरा त्याच्या नावाचा, आणि पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंह याच्या नावाचा. आज नवरात्रात करणपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला जी गर्दी लोटते, तिच्यातील कितीजणांना हा करण कोण ते सांगता येईल, याची मला शंका आहे. पण नाव तेवढे साडेतीनशे वर्षे टिकले.

१६८२ मध्ये शहराला तटबंदी झाली, तरी यातील बरेच पुरे तटाबाहेरच राहिले. त्यामुळे प्रत्येकाला आपला बाजार, आपले देऊळ किंवा मशीद आणि आपले पाणी सांभाळावे लागले, आणि पुऱ्या-पुऱ्याचा स्वभाव वेगळा घडला. गुलमंडी, शहागंज, सराफा हा तटाच्या आतला भाग व्यापाराचा. तिथे दुकानाच्या मागे घर आणि घरामागे बोळ. तटाबाहेरच्या वस्तीला मोकळ्या आवाराची सवय होती. निजामाची राजधानी अठराव्या शतकात हैदराबादेला गेल्यावर सरदारांचे वैभव ओसरले, पण माणसे उठून गेली नाहीत.

बावन्न हा आकडा मी हिशेबाचा मानत नाही. बावन्नकशी सोने म्हणताना आपण कस मोजत बसत नाही. ‘बावन्न पुरे’ या म्हणण्यातही ‘सर्व अंगांनी भरलेले शहर’ एवढाच भाव आहे.

प्रश्न : हे पुरे पाहायला आल्यास एका दिवसात काय पाहावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : सकाळी भडकल दरवाजापासून आरंभ करावा, मलिक अंबरच्या काळातली ही कमान आजही भक्कम उभी आहे. तेथून पाणचक्कीला जावे, म्हणजे नहरीचे पाणी उंचावरून कसे सोडत आणि त्याच्या जोरावर दर्ग्यातील फकिरांसाठी पीठ कसे दळत, हे डोळ्यांनी दिसेल. पुढे खाम नदी ओलांडून बेगमपुऱ्यातून मकबऱ्याकडे पायी जावे. गाडीतून गेल्यास पुरा हाती लागत नाही.

प्रश्न : मकई दरवाजाचा मक्याच्या बाजाराशी संबंध आहे काय?
– एक वाचिका, बीड

उत्तर : नाही. शहराच्या चार मुख्य दरवाजांपैकी उत्तरेचा दिल्लीचा, पूर्वेचा जालन्याचा, दक्षिणेचा पैठणचा. पश्चिमेच्या दरवाजाला मक्केचे नाव मिळाले, आणि बोलण्यात ‘मक्काई’चे ‘मकई’ झाले.