खुंट्याला आवतन

आइंडहोवन, नेदरलँड्स,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "नंतर सांगते" म्हणून टाळलं. तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत लिहिते: "आई, आबाजींकडे तर बैलच नाहीत. मग ते जेवायला कोणाला बोलवत होते?" आणि तू हसलास. आबाजींना ऐकू गेलं नाही, बरं झालं. मी रागावले नव्हते. कोणालाही हसू आलं असतं. इथे दुपारचे अडीच, तिकडे संध्याकाळचे सहा, कोठ्यात अंधार, आजीच्या हातातला मोबाइल हलतोय, आणि सत्तरी उलटलेला एक माणूस रिकाम्या खुंट्याला हळद-लोणी चोळत म्हणतोय, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पत्र सावकाश वाच. कोठा म्हणजे गोठा. रविवारच्या मराठी वर्गात तुला गोठा शिकवतील, तोही बरोबरच आहे. पण आपल्या वर्ध्याच्या आर्वीकडे कोठा. आणि आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं.

पोळा श्रावणातल्या अमावास्येला असतो. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी. जू जिथे बसतं तिथे ओढून ओढून बैलाच्या मानेवरची कातडी जाड होते, डवरणीच्या, म्हणजे पिकातलं तण काढायच्या दिवसांत सुजतेही. ती जागा कोमट पाण्यानं शेकायची आणि पळसाच्या पानानं हळद-लोणी लावायचं. मग बैलाच्या कानाशी वाकून आवतन द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर काही ठेवायचं नाही. आंघोळ, झूल, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, गावच्या तोरणाखाली उभं राहणं, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, "हर बोला हर हर महादेव" आणि पोळा फुटला, म्हणजे तोरण तुटून बैल सुटले, की घरोघर पुरणपोळी. आजी दारात त्यांचे पाय धुवायची. पाहुण्याचे धुतात तसे.

लहानपणी मला यातलं आवतनच विचित्र वाटायचं. रोज आपल्या दावणीला असणाऱ्याला बोलावणं कशाला द्यायचं? घरच्या माणसाला कोणी आवतन देतं का? पण तेच तर होतं. वर्षाचे बाकीचे दिवस तो घरचा, म्हणजे सांगेल ते काम करणारा. त्या एका दिवशी पाहुणा. पाहुण्याला हुकूम करत नाहीत.

आमच्याकडे हरण्या आणि बांड्या होते. हरण्या गवळाऊ, आमच्या वर्धा जिल्ह्याची जात, पांढराशुभ्र आणि चालायला चपळ. बांड्या बाजारातला, कोणत्या जातीचा ते बाजारालाच ठाऊक. पोळा जवळ आला की आबाजी अंबाडी काढून बसायचे. अंबाडीची भाजी तुला माहीत आहे, आंबट म्हणून तू खात नाहीस. तिचीच झाडं वाढू दिली, कापून पाण्यात कुजत घातली की सालीचा वाक, म्हणजे धागा निघतो. तो ढेऱ्यावर, म्हणजे लाकडी चातीवर पिळून दोर करायचा. दुपारभर पारावर पाच-सहा म्हातारे ढेरा फिरवत बसलेले असत आणि गावातल्या सगळ्या खबरा त्या दोरांत पिळल्या जात. नवी वेसण, नवा कासरा, नवं दावं. आता नायलॉनचा दोर आर्वीच्या दुकानात वजनावर मिळतो. तो कुजत नाही, पण बैलाच्या नाकाला काचतो.

माझ्या आईनं मला सरत्यावर बी सोडायला शिकवलं. तिफनीच्या मागे दोरीनं बांधलेली पोकळ नळी म्हणजे सरतं. पुढे आबाजी तिफन धरून, मागून मी चालत, मुठीतून तुरीचे दाणे त्या नळीत सोडत. मूठ घट्ट झाली की तास, म्हणजे पेरलेली ओळ, मोकळं जातं, सैल झाली की दाटी होते. उगवल्यावर सगळं गाव बघतं आणि सगळ्या गावाला कळतं की हे तास कोणाचं. पंधराव्या वर्षी माझं तास सरळ आणि सारखं यायला लागलं, तेव्हा बायका आजीला म्हणाल्या, पोरीची मूठ चांगली आहे. ती माझ्या आयुष्यातली पहिली पदवी.

मागच्या वर्षी इथल्या गॅलरीत कुंडीत मी कोथिंबीर पेरली, आठवतं? सगळी एका कोपऱ्यात उगवली आणि तू विचारलंस, हे गवत आहे का. माझी मूठ गेली कुठे, असं मला त्या दिवशी वाटलं. मग लक्षात आलं, ती एकट्या माझी कधी नव्हतीच. हरण्याची चाल सारखी होती, आबाजी तिफन सारखी दाबायचे, म्हणून माझी मूठ चांगली. तिघांत मिळून एक कसब होतं आणि कौतुक माझं झालं.

बैल का गेले, हे तुला कोणी "ट्रॅक्टर आला म्हणून" असं सांगेल. ते अर्धंच खरं आहे. आमच्याकडे आधी ज्वारी गेली. ज्वारी होती तोवर भाकर माणसाला आणि कडबा बैलाला, एकाच पेऱ्यात दोघांचं भागायचं. मग सोयाबीन आलं, चार महिन्यांत रोख पैसा देणारं. त्याचं कुटार, म्हणजे भुसा होतो, पण कडब्याची सर त्याला नाही. कडबा विकत, ढेप म्हणजे पेंड, तीही विकत, म्हणजे बैल खायला महाग झाला. कपाशीचंही तसंच. आधी घरची सरकी ठेवायची, पेरणीआधी शेणकाल्यात चोळायची, म्हणजे तिचे तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. २००२ साली बीटी बियाण्याला परवानगी मिळाली आणि पुढे काही वर्षांतच घरोघर ४५० ग्रॅमची पाकिटं आली. घरची सरकी राहिली नाही, ती चोळणारे हातही राहिले नाहीत. यात फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. अळीनं पीक खाल्लेली वर्षं मी पाहिली आहेत, पाकीट घेणाऱ्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

बैलांबरोबर शेजारही बदलला. पूर्वी आमचा वखर, शेजारच्या काकांची तिफन. त्यांचा एक बैल आजारी पडला की आमचा बांड्या त्यांच्या जुवाला. मागायला जावं लागायचं. मागायला गेलं की बसावं लागायचं, चहा प्यावा लागायचा, धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं जुनं भांडण थोडं गिळावं लागायचं. आता ट्रॅक्टर एकराच्या भावानं येतो, पैसे मोबाइलवर जातात, कोणी कोणाच्या ओसरीवर चढत नाही. भांडणं कमी झाली, हेही खरं. पण काकांच्या नातवाचं नाव मला तुझ्या आजीकडून कळलं, आणि आजीला ते व्हॉट्सअ‍ॅपवर दिसलं होतं.

एक गोष्ट मात्र जुन्या दिवसांचे गोडवे गाणारे सोडून देतात. आमच्याकडे एक सालगडी होते. त्यांचं साल गुढीपाडव्याला सुरू व्हायचं आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. बैलांची सगळी उठबस त्यांच्याकडे. पोळ्याला त्यांना नवं धोतर आणि बोजारा, म्हणजे पोळ्याचं बक्षीस मिळायचं, पण जेवायला ते पायरीवर बसायचे. बैलाचे पाय आम्ही धुतले, त्यांना आत बसा म्हणालो नाही. मी तेव्हा लहान होते, हे कारण पुरेसं नाही, कारण आबाजी लहान नव्हते. आज त्यांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो. मृगाच्या आधी आबाजी त्याला फोन करून नंबर लावतात आणि तो म्हणतो, "पाहतो बाबाजी, बुधवारी जमलं तर." ट्रॅक्टरचं हे एक मला मनापासून आवडतं.

तू मला यूट्यूबवर शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत दाखवून म्हणालास, आहेत की बैल! आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शर्यतींवर बंदी घातली होती, २०२३ साली राज्याचा कायदा मान्य केला, आता अमरावतीकडच्या तळेगाव दशासरला पुन्हा धुरळा उडतो. पण पटाचा बैल शेतात जात नाही. तो पहिलवान. हरण्या शेतकरी होता.

आता जे परवा सांगायचं टाळलं ते. बैल विकून टाका, असं मीच म्हणाले होते. तू चार वर्षांचा होतास. आबाजींचे गुडघे गेले होते, गडी मिळत नव्हता, कडब्याचा भाव ऐकून आजी रोज चिडत होती. मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, हातात सँडविच धरून म्हणाले, "बाबा, विकून टाका, मी ट्रॅक्टरचे पैसे पाठवते." चार मिनिटांचा फोन. सल्ला चुकीचा नव्हता, आजही मी तोच देईन. पण आबाजींनी बैल कधी गेले ते मला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी आजीकडून कळलं. हेही कळलं की बैल दिले, दावी दिली नाहीत. दावं घरी परत आणायचं असतं, नाहीतर दावण कायमची रिकामी होते, असं आबाजी मानतात. परवा त्या खुंट्याला जे गुंडाळलेलं दिसलं, ते हरण्याचं दावं. अंबाडीचं आहे.

तुला वाटेल, यंत्र आलं की माणूस जनावराला विसरतो, असं आई म्हणतेय. तसं नाही. शाळेच्या सहलीत तू तो दूध काढणारा रोबो पाहिलास ना? गाय आपली आपण येते, गळ्यातल्या पट्ट्यावर नंबर, शेतकरी हातही लावत नाही. पण घरी येऊन तूच सांगितलंस की त्या शेतकऱ्यानं लांबून चाल बघून एक गाय लंगडतेय हे ओळखलं. आबाजींना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "मंग तो खरा कास्तकार."

तुझा प्रश्न मी काल त्यांनाच विचारला. कोणाला बोलावत होता, बाबा? जरा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगतील. ते म्हणाले, "तुह्या मायनं लोणी काढून ठेवलं होतं. वाया कायले घालवू?"

मागून आजी ओरडली की लोणी त्यांनीच मागून घेतलं होतं.

काल पोळा फुटल्यावर दारात तीन जोड्या आल्या म्हणे. गावात एवढ्याच उरल्यात. आजीनं सहाही बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी दिली. आबाजी ओसरीवर खुर्चीत होते, पण त्यातल्या एका बैलाची वेसण नायलॉनची दिसली म्हणून काठी टेकत उठले आणि त्या पोराला रागावले. आज सकाळी ते अंबाडीचा वाक शोधताहेत. मिळाला तर ढेरा कसा फिरवायचा ते तुला रविवारी फोनवर दाखवणार आहेत. आजी मोबाइल स्थिर धरेल, अशी आशा ठेवू.

आणि आज तान्हा पोळा, मुलांचा, लाकडी बैलांचा. तुझ्या लाकडी बैलाचं मागचं चाक निखळलंय, बाबांना सांगून संध्याकाळपर्यंत बसवून घे. खालच्या मजल्यावरच्या आजींकडे घेऊन जायचा असेल तर जा. बोजारा म्हणून त्या चॉकलेट देतील. ते काय असतं, हे त्यांना तूच समजावून सांग.

तुझी,
आई