‘सगळं आधीच त्यांच्याकडे आहे’ हे कितपत खरं?

वाचकांचे प्रश्न : फोन, पाळत आणि खासगीपणा

प्रश्न : पाळतीची किंवा डेटा फुटल्याची बातमी आली की खाली ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. ‘यात नवीन काय?’, ‘सरकारला सगळं माहीतच असतं’, ‘खासगीपणा केव्हाच संपला’. वाचून वाचून मलाही तसंच वाटायला लागलंय. हे लोक चुकतायत का?

उत्तर : त्यांची शंका रास्त आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. जून २०१३मध्ये एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेली कागदपत्रं छापून आली आणि एनएसए कोट्यवधी लोकांच्या फोन कॉलच्या नोंदी रोजच्या रोज गोळा करते हे जगाला कळलं. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. सगळ्यांच्या फोन-इंटरनेट नोंदी सरसकट साठवायला लावणारा निर्देश युरोपियन युनियनच्या न्यायालयाने एप्रिल २०१४मध्ये रद्द केला. एनएसएचं हे नोंदी गोळा करणं कायद्यात बसत नाही, असा निकाल अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने मे २०१५मध्ये दिला. जूनमध्ये तिथला कायदा बदलला आणि नोव्हेंबरअखेर ते सरसकट गोळा करणं थांबलं.

तंत्रज्ञानाच्या बाजूनेही मोठा फरक पडला. २०१३मध्ये बऱ्याच वेबसाइट साध्या एचटीटीपीवर चालत. मधल्या केबलवर कुणी बसला असेल तर तुम्ही वाचत असलेलं पान त्याला जसंच्या तसं दिसायचं. २०१५च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट या उपक्रमाने साइटना त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली आणि लहानसहान साइटही एचटीटीपीएसवर, म्हणजे पान कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर आल्या. आता मधल्या माणसाला बहुतेक वेळा साइटचं नाव, वेळ आणि किती डेटा गेला-आला एवढंच कळतं. पान दिसत नाही.

हे महत्त्वाचं आहे, कारण पाळतीला खर्च येतो. मजकूर वाटेत सहज हाती लागत असेल तर यंत्रणा सगळ्यांचाच उचलते. लागत नसेल तर एकेकाच्या फोनमध्ये शिरावं लागतं किंवा कंपनीकडे आदेश घेऊन जावं लागतं. मग पैसा, माणसं आणि परवानगी, तिन्ही लागतात आणि आपोआपच निवड करावी लागते. ‘सगळं गेलंच आहे’ असं मानणारा माणूस फोनमधली एक सेटिंगही बदलत नाही आणि कायद्याच्या मसुद्यावर हरकती मागवल्या तर दोन ओळीही लिहीत नाही. त्याने यंत्रणेचा खर्च वाचतो.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन आहे म्हणतात. मग लोकांचे चॅट बाहेर येतात कसे?

उत्तर : एन्क्रिप्शन फुटून नव्हे. एन्ड-टू-एन्ड म्हणजे संदेश फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येतो, मधल्या कुणालाही नाही. एप्रिल २०१६पासून व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश सिग्नल प्रोटोकॉल या पद्धतीने कुलूपबंद होऊन जातात. गळती दोन टोकांना होते. समोरच्याने स्क्रीनशॉट काढला, उघडा फोन कुणाच्या हाती पडला, जुन्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब चालूच राहिलं, आणि सर्वांत दुर्लक्षित वाट म्हणजे बॅकअप.

संदेश वाटेत सुरक्षित असला तरी गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर त्याची जी प्रत जाते, तिला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. ते ऑक्टोबर २०२१पासून देता येतं, पण स्वतः चालू करावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड बॅकअप असं जा. तिथे पासवर्ड ठेवता येतो किंवा ६४ अंक-अक्षरांची किल्ली घेता येते. किल्ली घेतलीत तर कागदावर लिहून फोनपासून वेगळी ठेवा. किल्लीचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवला तर फोन हरवला की किल्लीही गेली, आणि मग तो बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपलाही उघडता येत नाही.

आयफोनवाल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. अख्ख्या फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल तर त्यातून चॅटची आणखी एक प्रत वर जाते आणि तिला व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप नसतं. त्यामुळे एक तर तो बॅकअप बंद करा, नाही तर आयक्लाउडवरच्या प्रतींनाही एन्ड-टू-एन्ड कुलूप लावणारं अ‍ॅपलचं अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन चालू करा. ही सोय डिसेंबर २०२२मध्ये आली. ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी अ‍ॅपलने ती फेब्रुवारी २०२५मध्ये सरकारी दबावामुळे काढून घेतली. कुलूप कुचकामी असतं तर ते काढायला लावण्याचा खटाटोप कुणी केला नसता.

एवढं करून व्हॉट्सअ‍ॅपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा आणि ओळखीचं नसलेलं प्रत्येक यंत्र लॉग आउट करा. समोरच्याचा बॅकअप मात्र तुमच्या हातात नाही. नाजूक बोलणं असेल तर आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू ठेवा.

प्रश्न : मजकूर कुणाला वाचता येत नसेल तर नुसत्या नोंदींनी काय बिघडतं?

उत्तर : पुष्कळ बिघडतं. कोण, कुणाशी, कधी, कुठून या नोंदी म्हणजेच मेटाडेटा. सुमारे १५ लाख मोबाइलधारकांच्या हालचालींचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. जागेची नोंद टॉवरच्या टप्प्याइतकी ढोबळ आणि वेळ तासाच्या हिशेबाने धरली, तरी अवघ्या चार नोंदींवरून ९५ टक्के माणसं एकमेवपणे वेगळी काढता आली. म्हणजे नाव-नंबर पुसून ‘निनावी’ केलेला हालचालींचा साठा निनावी राहत नाही. रात्री फोन कुठे असतो आणि दिवसा कुठे, एवढ्यावर घर आणि नोकरी कळते.

म्हणून अ‍ॅप निवडताना ‘एन्क्रिप्शन आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ते आपल्याकडे काय साठवतं, हेही पाहावं लागतं. २०१६मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीच्या (आरोप ठेवायचे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) आदेशावरून सिग्नल या संदेशांच्या अ‍ॅपकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली गेली. त्यातल्या एकाच नंबरचं खातं होतं. त्यांना देता आल्या फक्त दोन गोष्टी : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं. ही माझ्या मते खासगीपणाची सर्वांत भक्कम तऱ्हा आहे. जे साठवलं नाही, ते आदेशानेही मिळत नाही आणि चोरीलाही जात नाही.

प्रश्न : फोन आपलं बोलणं ऐकून जाहिराती दाखवतो ना?

उत्तर : बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. तुम्ही ज्याच्याशी बोललात त्याने घरी जाऊन ती वस्तू शोधली, तुमचे दोन्ही फोन तासभर एकाच वाय-फायवर होते, आणि दोघांच्याही फोनमधली अ‍ॅप ठिकाण व जाहिरात-ओळख क्रमांक (जाहिरातींसाठी फोनला दिलेला खास नंबर) पाठवत होती. जाहिरात लागायला एवढं पुरतं. माइक चालू असेल तर आयफोनवर नारिंगी आणि अँड्रॉइड १२पासून पुढे हिरवी खूण वर दिसते. ती नजरेखाली असू द्या.

खरं काम दुसरीकडे आहे. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गूगल, अ‍ॅड्स इथे जाऊन जाहिरात-ओळख क्रमांक डिलीट करा. नव्या फोनांत हाच पर्याय प्रायव्हसीखाली असतो. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ट्रॅकिंग उघडून अ‍ॅपना विचारण्याचीच परवानगी बंद करा. मग एकेका अ‍ॅपची ठिकाणाची परवानगी ‘वापरत असतानाच’वर आणा आणि अचूक ठिकाण बंद करा. हवामानाच्या अ‍ॅपला अंदाजे ठिकाण पुरतं. नकाशाला पुरत नाही, तिथे अचूकच ठेवा, नाही तर वळण निघून गेल्यावर सूचना येईल. माइकवर पट्टी चिकटवून ठिकाण मात्र २४ तास उघडं ठेवणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. भीती खरी असते, बंदोबस्त चुकीच्या दाराला होतो.

प्रश्न : इनकॉग्निटो आणि व्हीपीएनचा उपयोग होतो का?

उत्तर : इनकॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. तिच्यामुळे तुमच्याच यंत्रावर इतिहास राहत नाही, एवढंच. व्हीपीएन तुमची इंटरनेटवरची ये-जा स्वतःच्या सर्व्हरमधून नेतो. त्यामुळे इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीला तुमच्या साइट कळतात. फुकट व्हीपीएन घेण्याआधी तो चालतो कशावर, याचा विचार करा.

प्रश्न : पेगॅससपुढे काहीच चालत नाही. मग या सेटिंग्जचा काय फायदा?

उत्तर : पेगॅसस हे फोनमध्ये शिरणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर निवडक लोकांवर सोडतात आणि त्याला फोनच्या सॉफ्टवेअरमधली महागडी छिद्रं लागतात. त्यातलं एक छिद्र कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने एका फोनच्या तपासणीतून शोधलं आणि अ‍ॅपलने १३ सप्टेंबर २०२१ला आयओएस १४.८मधून ते बुजवलं. लिंकवर बोटही न लावता फोन ताब्यात घेणारं ते छिद्र होतं. अपडेट टाकलेल्यांवर ते चालेनासं झालं. म्हणून अपडेट आलं की त्याच दिवशी टाका.

पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांनी आयफोनवर लॉकडाउन मोड चालू करावा. तो आयओएस १६पासून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत आहे आणि चालू करताना फोन रीस्टार्ट होतो. त्यानंतर मेसेजेसमधल्या बऱ्याच अटॅचमेंट अडतात, लिंकचं पूर्वदर्शन दिसत नाही, काही वेबसाइट अडखळतात. विश्वासाच्या साइटला सूट देता येते. ती सूट मोजक्याच साइटना द्या.

प्रश्न : नवी बातमी काळजीची की नुसती खळबळ, हे ओळखायचं कसं?

उत्तर : मजकूर मागितलाय की नोंदी, सगळ्यांच्या की ठरावीक माणसाच्या, परवानगी न्यायाधीशाची की अधिकाऱ्याची, आणि साठवण किती दिवसांची, हे बातमीत शोधा. यातलं एकही कळत नसेल तर बातमी अर्धवट आहे.

डिसेंबर २०२३मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याला लिहिलेलं पत्र पाहा. फोनवर येणारी पुश नोटिफिकेशन अ‍ॅपल किंवा गूगलच्या सर्व्हरमधून जातात आणि सरकारं तिथून त्यांच्या नोंदी मागतात, असं त्यात होतं. लॉक स्क्रीनवर मजकूर लपवला तरी या नोंदींवर परिणाम होत नाही. त्याने शेजारी बसलेल्याची नजर तेवढी अडते. याही बातमीखाली ‘माहीतच होतं’चा पाऊस पडला. पत्रात मात्र नेमकी मागणी होती : अशा मागण्यांबद्दल ग्राहकांना सांगायची मोकळीक अ‍ॅपल आणि गूगलला द्या. त्यानंतर काही दिवसांतच अ‍ॅपलने नियम बदलला आणि या नोंदींसाठी न्यायाधीशाचा आदेश लागेल असं लिहिलं.