एक्सेलमध्ये महिन्याच्या तासांची बेरीज २०८ ऐवजी १६:०० का दिसते?

तुम्ही लिहिलंय की एका कामगाराचे २६ दिवस भरलेत, रोजचे ८:०० तास, आणि खाली बेरीज येते १६:००. तुमचं सूत्र बरोबर आहे. बेरीजही आतमध्ये बरोबरच झाली आहे, फक्त दाखवताना पूर्ण दिवस गळालेत.

एक्सेल वेळ साठवतं ती दिवसाच्या हिशोबात. १ म्हणजे २४ तास, ०.५ म्हणजे १२ तास. तुमचे २०८ तास म्हणजे ८.६६६७. सेलला घड्याळाचा साधा फॉरमॅट असला की त्यातले ८ दिवस दिसत नाहीत, उरलेले १६ तास तेवढे दिसतात. खात्री करायची तर त्याच सेलचा फॉरमॅट जनरल करून बघा.

उपाय एका कंसाचा आहे. बेरजेच्या सेलवर जाऊन कंट्रोल आणि १ दाबा, नंबर टॅबमध्ये कस्टम निवडा आणि टाइपच्या चौकटीत [एच]:एमएम लिहा. अक्षरं अर्थात इंग्रजीत टाइप करायची, पण एचभोवतीचा चौकोनी कंस सोडू नका. 'तास २४ च्या पुढेही मोजत राहा' हे सांगणारा तोच आहे. गूगल शीट्समध्ये फॉरमॅट, नंबर, ड्युरेशन एवढं केलं की झालं.

आता पगार. मी पगारपत्रकं करते आणि खरं नुकसान इथेच होताना पाहते. ताशी ६० रुपये धरून बेरजेला थेट ६० ने गुणलं तर ५२० येतात, कारण एक्सेल ८.६६६७ ला गुणतं. आधी २४ ने गुणा, मग दराने, आणि त्या सेलचा फॉरमॅट नंबर ठेवा: १२,४८० येतील.

एवढं करूनही आकडा जुळला नाही तर रोजच्या नोंदी तपासा. डावीकडे चिकटलेली वेळ बहुतेकदा मजकूर म्हणून बसलेली असते आणि बेरजेचं सम (SUM) फंक्शन तिला मोजतच नाही, चूकही दाखवत नाही.

त्याहून फसवी सवय म्हणजे साडेआठ तास ८.३० असे लिहिणं. मस्टरवर आपण सगळेच टिंब देतो, पण एक्सेलसाठी तो दशांश आहे. असे दोन दिवस मिळवले की १७ तासांऐवजी १६.६० येतात, आणि कंसाचा फॉरमॅट लावला तर एकाच दिवसाचे १९९:१२ दिसतात! एका छोट्या कारखान्याच्या शीटमध्ये कुणीतरी यावर उपाय म्हणून सगळी टिंबं एकदम बदलून कोलन केली होती. तसं अजिबात करू नका. ८.३० आत ८.३ म्हणून साठलेला असतो, त्याचं ८:३ होतं, म्हणजे आठ वाजून तीन मिनिटं. प्रत्येक साडेआठातली २७ मिनिटं गेली. आणि ८.०० मध्ये आत टिंबच नसतं, त्यामुळे तो नुसता ८ राहतो, म्हणजे आठ दिवस. शेजारी नवा रकाना घ्या: पूर्णांक भागाला २४ ने भागा, दशांश भागाला १०० ने गुणून १४४० ने भागा, आणि दोन्ही मिळवा.

वर्षाची किंवा सगळ्या कामगारांची एकत्र बेरीज करणार असाल तर आणखी एक अडचण येईल. सूत्रातून आलेली बेरीज कितीही मोठी चालते, पण हाताने टाइप केलेली वेळ एक्सेल ९९९९:५९:५९ पर्यंतच स्वीकारतं. मागची शिल्लक म्हणून १०५००:०० टाइप केलं की त्याचा मजकूर होतो आणि ती बेरजेतून निघून जाते. तिथे बरोबरचं चिन्ह देऊन १०५००/२४ असं लिहा.

रात्रपाळीत सुटण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केली की उत्तर उणे येतं आणि सेलभर ##### दिसतं. ती वजाबाकी मॉड (MOD, म्हणजे भागाकाराची बाकी देणारं) फंक्शनमध्ये घालून भाजक १ द्या.

आणि मागच्या महिन्यांचे पगार त्या १६:०० वरून निघाले असतील तर जुन्या शीट फेकू नका. रोजचे तास त्यात शाबूत आहेत. बेरजेचा फॉरमॅट बदला, पगार नव्याने काढा आणि ज्यांचा फरक निघेल त्यांना तो याच महिन्यात द्या.