दुखतंय की दमलायस?

"मॅडम, गोळ्या चालू आहेत, रिपोर्टही बरे येतात, मग मी एवढा दमतो का?" हा प्रश्न मी समुपदेशनाच्या खुर्चीत इतक्या वेळा ऐकलाय, की समोरचा "एक विचारू?" म्हणाला की पुढचं वाक्य मला पाठ असतं. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. आजार अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस. शेजारीपाजारी त्याला 'स्पॉन्डिलायसिस' समजतात आणि "आमच्या काकांनाही आहे, ते पट्टा लावतात" म्हणून मोकळे होतात. काकांची ती वयाप्रमाणे झालेली झीज. इथं शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मणक्यावर आणि कमरेच्या सांध्यांवर उलटते, तिथं सूज धरते, आणि तीही बहुधा पंचेचाळिशीच्या आत.

अशा तिघाचौघांची हकिगत एकात गुंफून सांगते. त्याला निखिल म्हणू. वय ३२, घर बोरिवलीला, नोकरी चर्चगेटला. घरात बायको, दोन वर्षांची मुलगी, आई आणि बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले बाबा.

पहिल्या भेटीत बोलली ती बायकोच. "हा घरी आला की पलंगावर. रविवारी मुलीला जरा खाली ने म्हटलं की पाठ दुखते. डॉक्टर म्हणतात सूज कमी आहे. मग मी काय समजू?" निखिल खाली मान घालून ऐकत होता.

दुसऱ्या भेटीतही पाठच. तिसऱ्या भेटीला तो भर पावसात आला. दाराशी टेकवलेली छत्री घसरून पडली, ती त्यानं वाकून सहज उचलली आणि खुर्चीत बसला.

"आज पाठ कशी आहे?"

"दुखतेय."

"छत्री तर छान उचललीत."

बराच वेळ तो गप्प. अशा वेळी मी बोलत नाही. सुरुवातीच्या वर्षांत बोलायचे, आणि हातातलं घालवायचे.

"नाही दुखत आज," तो शेवटी म्हणाला. "पण मग सांगू काय? दमलोय म्हटलं तर बाबा म्हणतात, एसीत बसून कसला दमतोस?"

"बाबा स्वतः कधी दमायचे?"

"दमत असतील की. तीस वर्षं बसमध्ये उभं राहून काढली. बोलले नाहीत कधी."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. आपल्या घरांमध्ये दुखण्याला मान आहे, दमण्याला नाही. दुखतंय म्हटलं की शेकायची पिशवी येते, दमलो म्हटलं की टोमणा येतो. म्हणून हा मुलगा दमणं दुखण्याच्या नावावर खपवत होता. आणि त्याची किंमत बघा. पाठ दुखतेय म्हटल्यावर आई म्हणायची, "पडून राहा." हा आजार पडून राहिल्यानं आखडतो, हालचालीनं मोकळा होतो. दुपारभर पडल्यावर संध्याकाळी पाठ खरोखरच धरायची. सकाळचं खोटं दुखणं दिवेलागणीपर्यंत खरं झालेलं असायचं.

डॉक्टरांकडेही तेच. या आजारात बासडाय नावाचा एक छोटा तक्ता भरून घेतात. १९९४ साली इंग्लंडमधल्या बाथ इथं तयार झालेला, सहा प्रश्नांचा, प्रत्येकाला ० ते १०. त्यातला पहिलाच प्रश्न आहे, गेल्या आठवड्यात थकवा किती होता? मी त्याला त्याचा तक्ता आणायला सांगितला. पाठीपुढे ७, थकव्यापुढे २. "दमण्याला काय औषध देणार ते, म्हणून कमी लिहिलं," म्हणाला. उपचार ठरवणाऱ्या कागदावर त्यानं घरचाच नियम पाळला होता!

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची परंपरा मानणारी. त्यामुळे मला थकव्याइतकीच त्याच्या मागची सक्ती दिसते. 'मी दमू नये' ही इच्छा झाली. 'मी दमताच कामा नये' हा हट्ट. हट्ट धरला की दमण्यावर शरमेचा भार चढतो, आणि ती लपवण्यात उरलीसुरली ताकद जाते. एक सहकारी म्हणाली, सरळ नैराश्य आहे. तेही तपासलंच, कारण थकवा आणि उदासी एकमेकांना खतपाणी घालतात. पण या केसमध्ये आधी 'दुखणं' आणि 'दमणं' हे दोन शब्द एकमेकांपासून सोडवायचे होते.

मग रोज रात्री कॅलेंडरवर दोन आकडे. एक दुखण्याचा, एक दमण्याचा. महिन्याभरात त्यालाच दिसलं की दोघं एकत्र चालत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी हाच प्रश्न घेऊन बसलं असेल तर ऐका. हा थकवा म्हणजे आळस नव्हे, तो आजाराचाच भाग आहे. सुजेच्या वेळी रक्तात फिरणारी रसायनं मेंदूलाही थकवतात. पहाटेच्या दुखण्यानं झोप मोडते ती वेगळीच. सीआरपी, म्हणजे रक्तातून सूज मोजणारी तपासणी, नॉर्मल आली म्हणजे आत सगळं शांत आहे असं नाही. महागड्या इंजेक्शनांनी दुखणं बरंच उतरलं तरी थकवा काही जणांत मागे रेंगाळतो. म्हणून डॉक्टरांना 'थकवा' हा शब्द वापरूनच सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड बघायचं का तेही विचारा. गोळ्या मात्र मनानं कमी-जास्त करू नका. आणि व्यायाम दमलेल्या दिवशीही सोडू नका, थोडा करा.

चांगल्या दिवसाची मला जास्त भीती वाटते. निखिल बरं वाटलेल्या शनिवारी बँक, बाजार, माळा आवरणं सगळं उरकायचा आणि दोन दिवस झोपायचा. आता माळा अर्धाच आवरतो. फास्ट सोडून बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडतो, बसून जातो. फार वेळ बसलं तरी आखडतं, म्हणून अंधेरी गेली की उठून शेजारी उभ्या असलेल्याला जागा देतो. डब्यात त्याची फार सज्जन म्हणून ख्याती आहे.

शेवटच्या भेटीत त्यानं एक प्रसंग सांगितला. घरी आल्यावर बाबांनी चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, "दुखतंय की दमलायस?"

"दुखणं दोन, दमणं सात."

बाबा थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझं रोज आठ असायचं रे."