युकॉनने (अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाने) २०२० मध्ये अमेरिकन फुटबॉलचा संघ कोणत्याही कॉन्फरन्सविना स्वतंत्र ठेवून, बाकी खेळांसाठी बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या संघांच्या लीगमध्ये) परत जाणं योग्य होतं का?

हो, माझ्या मते कनेक्टिकट विद्यापीठापुढच्या पर्यायांत हाच सर्वांत चांगला होता. या विद्यापीठाची ओळख बास्केटबॉलची आहे. आधीच्या अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये मात्र टल्सा, ह्यूस्टन, टॅम्पापर्यंत लांबचे दौरे करावे लागत, आणि ज्यांच्याशी खरी चुरस होती ते प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, व्हिलानोव्हा, जॉर्जटाउन वेळापत्रकातून जवळजवळ गेलेच होते. बिग ईस्टमध्ये हे सगळे परत मिळाले. बहुतेक जवळचे असल्याने खेळाडूंचा प्रवासही आटोपशीर झाला, आणि हा फायदा बास्केटबॉलपुरता नाही, सॉकर-व्हॉलीबॉलसारख्या संघांनाही होतो. जुन्या कॉन्फरन्समधून बाहेर पडण्यासाठी १.७ कोटी डॉलर मोजावे लागले, तरी सौदा पटण्यासारखा होता. पुढे बास्केटबॉलमध्ये पुरुषांनी २०२३ आणि २०२४ मध्ये, तर महिलांनी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. (अर्थात २०१४ मध्ये जुन्या कॉन्फरन्समध्ये असतानाही दोन्ही संघ जिंकले होते. त्यामुळे सगळं श्रेय कॉन्फरन्सला देऊ नका.)

फुटबॉलची बाजू मात्र वेगळी आहे. बिग ईस्ट फुटबॉल खेळवतच नाही, म्हणून सगळे सामने स्वतः ठरवावे लागतात, कॉन्फरन्सचं विजेतेपद नाही, आणि कॉन्फरन्समधून मिळणारा फुटबॉलच्या प्रक्षेपणाचा वाटाही नाही. २०२४ मध्ये ९ विजय आणि फेनवे बोल (हंगामाअखेरचा निमंत्रित संघांचा सामना) जिंकून त्यांनी हे जमू शकतं हे दाखवलं. पण ज्या विद्यापीठाचा खर्च फुटबॉलच्या उत्पन्नावर चालतो, त्याने हा मार्ग धरू नये.